मिनेसोटाच्या नोंदवहीपासून : स्थलांतर आणि स्किझोफ्रेनिया यांचा शतकभराचा वाद

ओले रोल्व्हाग हा नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या कोळी कुटुंबातला मुलगा. १८९६ साली तो अमेरिकेला गेला, पुढे मिनेसोटा राज्यातल्या सेंट ओलाफ कॉलेजात शिकवू लागला आणि कादंबऱ्या मात्र नॉर्वेजियन भाषेतच लिहीत राहिला. १९२७ साली 'जायंट्स इन द अर्थ' या नावाने इंग्रजीत आलेल्या त्याच्या कादंबरीतली बेरेट नवऱ्यामागोमाग डाकोटाच्या माळावर येते. नजर पोचेल तिथवर गवत, आडोशाला एक झाड नाही. समुद्राकाठी वाढलेल्या त्या बाईचे मन तिथे हळूहळू ठिकाण सोडते. नवरा मात्र त्याच माळावर फुलतो.

कादंबरी इंग्रजीत आली त्याच सुमारास दुसरा एक नॉर्वेजियन मिनेसोटातल्या रोचेस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयाच्या जुन्या वह्या चाळत होता. त्याचे नाव ओर्नुल्व्ह ओडेगार्ड. १८८९ ते १९२९ या चाळीस वर्षांत तिथे दाखल झालेल्या नॉर्वेत जन्मलेल्या रुग्णांची त्याने मोजदाद केली, तिथेच जन्मलेल्या अमेरिकनांशी आणि मायदेशातल्या नॉर्वेजियनांशी ती ताडून पाहिली, आणि १९३२ साली 'स्थलांतर आणि वेड' या विषयावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. निष्कर्ष थोडक्यात असा : स्किझोफ्रेनियाने पहिल्यांदा दाखल होण्याचे प्रमाण स्थलांतरितांमध्ये इतर दोन्ही गटांच्या सुमारे दुप्पट होते.

हे का, याचे ओडेगार्डने दिलेले उत्तर आज वाचताना जरा कठोर वाटते. ज्यांच्या स्वभावात या आजाराची बीजे असतात ते मुळातच अस्वस्थ, माणसांत न रमणारे, कुठे मुळे न धरणारे असतात. म्हणून तेच गाव सोडतात, असे त्याचे म्हणणे. म्हणजे वेड बोटीत बसले ते नॉर्वेच्या बंदरावरच. अमेरिकेने फक्त ते पाहिले.

हा प्रश्न मला पुस्तकात भेटण्याच्या फार आधी घरात भेटला होता. माझा एक चुलता सतराव्या वर्षी संगमेश्वर तालुक्यातून परळच्या गिरणीत कामाला आला. आठ-नऊ वर्षे नीट गेली. मग त्याला साच्यांच्या आवाजात आपले नाव ऐकू येऊ लागले. गावाकडची माणसे म्हणत, मुंबईचे पाणी बाधले. मुंबईतली म्हणत, घराण्यातच आहे, त्याच्या आज्याचे काय झाले होते आठवा. दोन्ही बाजू ओडेगार्डच्याच प्रश्नावर भांडत होत्या, हे मला समजायला तीस वर्षे लागली.

आधी शब्दाविषयी थोडे. 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली वापरात आणला. मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. 'दुभंगलेले व्यक्तिमत्त्व' हे जे आपल्या नाटक-सिनेमांनी रुजवले, त्याचा या आजाराशी संबंध नाही. एका देहात दोन माणसे नांदत नाहीत. कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात, कोणीतरी आपल्यावर टपले आहे असा न हलणारा संशय बसतो, विचारांची साखळी तुटते आणि माणूस कामातून, बोलण्यातून, घरातून मागे सरत जातो. जॉन मॅकग्राथ आणि सहकाऱ्यांनी २००४ साली जगभरातले अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मध्यमान आले दर वर्षी लाखामागे सुमारे १५ नवे रुग्ण. पण ठिकाणाठिकाणी हा आकडा आठाच्या खालपासून चाळिसाच्या वर जात होता.

ओडेगार्डकडे परत येऊ. त्याचा ग्रंथ आला तो काळ ध्यानात घ्यायला हवा. अमेरिकेने १८८२ च्या कायद्यानेच वेडसरांना बंदरावरून परत पाठवायला सुरुवात केली होती आणि १९२४ च्या कायद्याने देशादेशांचे कोटे ठरवले. परदेशी लोक आमची वेड्यांची इस्पितळे भरून टाकतात, हा तेव्हा संसदेत मांडला जाणारा मुद्दा होता. न्यूयॉर्कचे संख्याशास्त्रज्ञ बेंजामिन माल्झबर्ग यांनी त्यातली एक साधी चूक दाखवून दिली. स्थलांतरितांत तरुण आणि प्रौढ माणसे जास्त, लहान मुले जवळजवळ नाहीत. आणि इस्पितळात दाखल होतात ती प्रौढ माणसेच. वयाचा हिशेब नीट धरला की परदेशींचा अतिरेक बराचसा ओसरतो. बराचसा, सगळा नव्हे.

ओडेगार्डच्या स्वतःच्या आकड्यांतही एक काटा होता. आजार उघडा पडण्याचे प्रमाण सर्वांत जास्त होते ते अमेरिकेत पोचल्यानंतर दहा-बारा वर्षांनी. बीज जर घरूनच आणले होते, तर ते एवढी वर्षे कशाची वाट पाहत होते?

याच दशकात शिकागोत फॅरिस आणि डनहॅम या दोन समाजशास्त्रज्ञांनी शहराचा नकाशा पुढे ठेवून रुग्णांचे पत्ते त्यावर मांडले. १९३९ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात स्किझोफ्रेनियाचे ठिपके शहराच्या मधोमध, भाड्याच्या खोल्यांच्या मोडक्या वस्त्यांत दाटलेले दिसतात. गरिबीने आजार होतो की आजाराने माणूस घसरत अशा वस्तीत येतो, हा वाद त्यावर खूप झाला. पण त्यांनी जाता जाता आणखी एक गोष्ट नोंदवली होती, तिच्याकडे पुढे साठ वर्षे फारसे कोणी पाहिले नाही : आपल्या वंशाचे लोक कमी असलेल्या वस्तीत जे राहतात, त्यांच्यात प्रमाण जास्त आढळते.

दुसऱ्या महायुद्धानंतर वादाचे ठाणे ब्रिटनमध्ये हलले. १९४८ साली 'एम्पायर विंडरश' या बोटीतून जमैका आणि आसपासच्या बेटांवरचे लोक टिलबरीच्या धक्क्यावर उतरले आणि पुढली काही वर्षे असे हजारो येत राहिले. बस चालवायला, इस्पितळांत सेवा करायला ब्रिटनला माणसे हवी होती. साठीच्या दशकापासून डॉक्टर सांगू लागले की या लोकांत स्किझोफ्रेनिया फार दिसतो. १९८८ साली ग्लिन हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी नॉटिंगहॅममधून जो आकडा दिला, तो स्थानिकांच्या दहा पटींहून अधिक होता. त्याहून धक्कादायक होते ते हे की, ब्रिटनमध्येच जन्मलेल्या दुसऱ्या पिढीत प्रमाण कमी न होता उलट वाढलेले दिसत होते. ही पिढी कुठून निघाली नव्हती, कुठल्या बोटीत बसली नव्हती. ओडेगार्डची निवडीची उपपत्ती तिला कशी लावायची?

मग दोष रक्तातच असेल, असे म्हणणारे पुढे आले. ते तपासण्याचा मार्ग सरळ होता : बेटांवर जाऊन मोजा. नव्वदीच्या दशकात जमैका, त्रिनिदाद आणि बार्बाडोस अशा तीन ठिकाणी मोजणी झाली. त्रिनिदादच्या अभ्यासाचे प्रमुख दिनेश भुग्रा. हरियाणातल्या यमुनानगरचे हे गृहस्थ पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर झाले, ब्रिटनला गेले आणि २००८ साली तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचे अध्यक्ष झाले. तिन्ही बेटांवर उत्तर एकच आले. तिथे प्रमाण ब्रिटनमधल्या गोऱ्या लोकांइतकेच, फार तर थोडे इकडेतिकडे. मँचेस्टरच्या १९९४ च्या एका अभ्यासाने तर घरातल्या घरातच फरक दाखवला. रुग्णांचे कॅरिबियनहून आलेले आईवडील घ्या, गोऱ्या रुग्णांच्या आईवडिलांइतकाच धोका. तिथेच जन्मलेल्या रुग्णांची भावंडे घ्या, कित्येक पट जास्त. रक्त तेच होते.

राहिली एक शंका, आणि ती क्षुल्लक नव्हती : डॉक्टरच चुकत असतील तर? गोऱ्या डॉक्टरला काळ्या माणसाचा राग, त्याची प्रार्थना, त्याचा मोठा आवाज हेच वेड वाटत असेल तर? रोलंड लिटलवुड आणि मॉरिस लिप्सेज यांनी १९८२ मध्येच हा मुद्दा पुस्तकभर मांडला होता. निदान ही देशागणिक बदलणारी गोष्ट आहे, हे आधीच सिद्ध झाले होते; लंडन आणि न्यूयॉर्क यांची तुलना करणाऱ्या १९७२ च्या अहवालात अमेरिकन डॉक्टर स्किझोफ्रेनियाचा शिक्का फार सढळ हाताने मारतात असे आढळले होते. म्हणून जमैकाचे मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक हिकलिंग यांना लंडनला बोलावून तिथल्या रुग्णांची स्वतंत्र तपासणी करायला लावली. निकाल विचित्र होता. स्किझोफ्रेनिया झालेल्यांचे एकूण प्रमाण हिकलिंग आणि ब्रिटिश डॉक्टर यांचे जवळजवळ सारखे आले, पण नेमका कोणाला तो झाला आहे याविषयी त्यांचे बरेचदा जमले नाही. या निकालावर दोन्ही पक्षांनी आपापला विजय जाहीर केला. मला तो दोघांचाही वाटत नाही.

१९९७ ते १९९९ या दोन वर्षांत आग्नेय लंडन, नॉटिंगहॅम आणि ब्रिस्टल इथे पहिल्यांदाच आजारी पडलेल्या प्रत्येकाला शोधून काढण्यात आले आणि निदान करणाऱ्यांपासून रुग्णाचा वंश लपवला गेला. तरीही २००६ साली प्रसिद्ध झालेले आकडे असे : गोऱ्या ब्रिटिशांच्या तुलनेत आफ्रो-कॅरिबियनांत स्किझोफ्रेनिया सुमारे नऊ पट, आफ्रिकेतून आलेल्या काळ्या लोकांत जवळजवळ सहा पट. दक्षिण आशियाई लोकांत वाढ होती, पण खूपच कमी.

आकडे असे लिहून टाकता येतात. डेव्हिड बेनेट या नावाविना मात्र ते अपुरे राहतील. जमैकात जन्मलेला, आठव्या वर्षी इंग्लंडमध्ये आलेला हा माणूस बरीच वर्षे स्किझोफ्रेनियाचा रुग्ण होता. १९९८ च्या ऑक्टोबरात नॉरिचच्या एका सुरक्षित वॉर्डात फोनवरून दुसऱ्या रुग्णाशी त्याची जुंपली. त्याला त्याच्या रंगावरून शिव्या पडल्या. वॉर्ड बदलायचा ठरला तो त्याचाच. त्याने परिचारिकेला मारले आणि कर्मचाऱ्यांनी त्याला पालथे पाडून वीस-पंचवीस मिनिटे दाबून धरले. तो तिथेच गेला. वय ३८. निवृत्त न्यायाधीश जॉन ब्लोफेल्ड यांच्या चौकशी अहवालाने आरोग्यसेवेतल्या संस्थात्मक वंशभेदावर स्पष्ट बोट ठेवले. जास्त निदान, पोलिसांकरवी जास्त दाखले, जास्त मात्रेची औषधे, आणि म्हणून उपचारांपासून दूर पळणारे कुटुंब, ही साखळी ब्रिटनमधल्या काळ्या लोकांना संशोधकांनी सांगायची गरज नव्हती.

ओडेगार्डच्या उपपत्तीची खरी परीक्षा हॉलंडमध्ये झाली आणि त्यात आपलेही लोक होते. दक्षिण अमेरिकेतली सुरिनाम ही डच वसाहत. १८७३ मध्ये 'लल्ला रूख' या जहाजातून कलकत्त्याहून तिथे पहिले गिरमिटिये गेले. आजचे सुरिनामी हिंदुस्तानी त्यांचे वंशज. १९७५ साली स्वातंत्र्य मिळण्याच्या आसपास त्या देशाची तिसऱ्या हिश्श्याहून अधिक प्रजा हॉलंडला निघून गेली. एवढी प्रजा निघते तेव्हा 'अस्वस्थ तेवढे गेले' म्हणणे अवघड होते. २००२ साली यान-पॉल सेल्टेन आणि सहकाऱ्यांनी गणित टोकाला नेले : सुरिनामची सगळीच प्रजा आली असे धरले, म्हणजे मागे राहिलेल्यांत एकही रुग्ण नाही असे मानून सर्वांना भाजकात घातले, तर? तरीही धोका हॉलंडच्या मूळ लोकांपेक्षा जास्तच राहिला. निवडीची उपपत्ती इथे मोडली असे म्हणायला हरकत नाही. सत्तर वर्षे टिकली, हे काही कमी नाही.

सेल्टेन आणि एलिझाबेथ कँटर-ग्रे यांनी २००५ मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र केले. पहिल्या पिढीत धोका सुमारे २.७ पट, दुसऱ्या पिढीत ४.५ पट. वरचढ गोष्ट अशी की, गोऱ्या बहुसंख्येच्या देशात काळ्या लोकांना तो सर्वांत जास्त. त्यांनी याला 'सामाजिक पराभव' असे नाव दिले : वारंवार बाहेरचा, खालचा ठरत राहण्याचा अनुभव. फॅरिस-डनहॅमचे विसरलेले निरीक्षणही याच सुमारास परतले. २००१ मध्ये दक्षिण लंडनच्या कँबरवेल भागातून कळले की, अल्पसंख्याकांची वस्ती जितकी विरळ, तितका त्यांच्यात स्किझोफ्रेनिया जास्त. हेगमध्येही पुढे तेच दिसले. स्वीडनमध्ये तेरा लाख लोकांच्या नोंदींवरून २०१६ साली आढळले की निर्वासितांना हा धोका त्याच भागांतून आलेल्या इतर स्थलांतरितांपेक्षा दोनतृतीयांशाने अधिक आहे.

पराभवाची ही उपपत्ती मला पटते, पण सगळी नाही. स्थलांतरित माणूस पराभूतच असतो असे गृहीत धरण्यात एक प्रकारचा दयाळू अहंकार आहे. शेजारच्या तीन घरांत आपल्या भाषेत बोलणारे कोणी असेल तर धोका निम्म्यावर येतो, यातून मला पराभवापेक्षा साक्षीदाराची गरज जास्त दिसते. रस्त्यावर कोणी अपमान केला, तर तो खरेच झाला की मनाचा खेळ, हे ज्याला घरी येऊन कोणाला विचारता येते, त्याचा संशय कदाचित तिथेच थांबतो. हा माझा तर्क आहे. मोजमाप त्याला अजून लावलेले नाही.

आता आपल्या आवडत्या गोष्टीकडे. भारतात स्किझोफ्रेनिया लवकर बरा होतो, कारण एकत्र कुटुंब, असे आपण व्याख्यानांत ऐकतो. याचा उगम जागतिक आरोग्य संघटनेने साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू केलेल्या अभ्यासात आहे. नऊ केंद्रांपैकी एक आग्रा; तिथल्या मनोरुग्णालयाचे के. सी. दुबे त्याचे प्रमुख. एकूण १२०२ रुग्ण. दोन वर्षांनी पाहिले तर आग्ऱ्यातले जवळजवळ निम्मे सर्वांत चांगल्या गटात, डेन्मार्कच्या ऑर्हुसमध्ये मात्र शंभरात सहा. मॉरिशसमध्ये मर्फी आणि रामन यांना १९५६ साली दाखल झालेल्या रुग्णांचा बारा वर्षांनी मागोवा घेताना असेच दिसले होते. तिथे कोकणातून आणि घाटावरून गेलेल्या मराठी मजुरांची वस्ती जुनी. त्या बेटावर नव्या रुग्णांचे प्रमाण ब्रिटनइतकेच, पण सुधारणारे जास्त. नंतरच्या मोठ्या अभ्यासात चंदीगड आले. डॉ. एन. एन. विग यांच्या चमूला तिथल्या सुमारे पाव कुटुंबांतच रुग्णावर सतत टीका किंवा अति गुंतणूक आढळली, लंडनमध्ये अशी घरे निम्म्याच्या आसपास होती.

याच अभ्यासातून 'स्किझोफ्रेनिया जगभर सारखाच' असेही वाक्य प्रसृत झाले. ते अर्धे खरे आहे. निदानाची चौकट अगदी घट्ट धरली तर केंद्रांतला फरक लाखामागे ७ ते १४ एवढा होता. दुप्पट हा फरक नाही, असे म्हणायला वेगळे धैर्य लागते. चौकट सैल केली तर तो १५ ते ४२ झाला, आणि सर्वांत वरचा आकडा चंदीगडच्या खेड्यांचा होता. आपल्या व्याख्यानांत तो ऐकायला मिळत नाही.

२००८ साली ॲलेक्स कोहेन, विक्रम पटेल, आर. थारा आणि ओये गुरेजे यांनी या गोड समजुतीला हात घातला. पटेल मुंबईत जन्मलेले, गोव्यात 'संगत' उभारणाऱ्यांपैकी. थारा चेन्नईच्या 'स्कार्फ' संस्थेच्या. अकरा देशांतले २३ अभ्यास त्यांनी पाहिले. कुठे चांगले, कुठे वाईट, मेलेले आणि हरवलेले बरेच, उपचार न मिळालेले त्याहून जास्त. थारा यांनीच २००३ मध्ये चेन्नईतल्या ७६ स्त्रियांविषयी लिहिले होते. स्किझोफ्रेनिया झाला म्हणून नवऱ्याने टाकलेल्या या बायका. कायदेशीर घटस्फोट फार थोड्यांचा, पोटगी जवळजवळ कोणालाच नाही. त्या माहेरी आहेत, म्हणजे 'कुटुंबात' आहेत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूच्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या झोपडीवजा आश्रयस्थानाला आग लागली, तेव्हा साखळदंडाने बांधलेले २८ जण जळून मेले. त्यांनाही कुटुंबांनीच तिथे आणून ठेवले होते.

आणि तरीही चंदीगडचे निरीक्षण मी फेकून देऊ शकत नाही. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ तान्या लुहरमन (मुंबईच्या पारशांवर पुस्तक लिहिलेल्या त्याच) यांनी कॅलिफोर्निया, आक्रा आणि चेन्नई इथल्या प्रत्येकी वीस रुग्णांना विचारले की, तुम्हाला ऐकू येणारे आवाज कोणाचे आणि काय म्हणतात. कॅलिफोर्नियात ते बहुधा अनोळखी, मारण्या-छळण्याच्या भाषेत बोलणारे. चेन्नईत अनेकांना बोलत होते ते नात्यातले लोक : आंघोळ कर, जेवून घे, घर झाड. रागावणारे, पण ओळखीचे.

परमुलखात गेलेल्या मराठी माणसांपैकी या विषयावर उघडपणे बोलले ते जगन्नाथ वाणी. धुळ्याकडचे, कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. पत्नीला स्किझोफ्रेनिया आहे हे त्यांनी कधी लपवले नाही. नव्वदीच्या दशकात त्यांनी पुण्यात रुग्णांच्या नातलगांसाठी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली, आणि २००४ चा सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' त्यांच्याच खटपटीतून उभा राहिला. त्या चित्रपटात आजारी आहे तो गावातलाच शेष, कोकणातला. त्याने कुठे स्थलांतर केलेले नाही.

देशातल्या देशात झालेल्या स्थलांतराची आपल्याकडे अशी मोजणी नाही. २०१५-१६ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झाले. त्यात महाराष्ट्र नव्हता. गिरण्या, बांधकामे, ऊसतोड यांच्यामागे शंभर-सव्वाशे वर्षे माणसे हलवणाऱ्या राज्याकडे रोचेस्टरसारखी एक वहीही कोणी उघडून पाहिली नाही.

चुलत्याला १९७० च्या पुढे-मागे गावी परत पाठवले. गुरे राखायचा, भातलावणीला उभा राहायचा, पंगतीत जेवायचा. दोन वर्षांनी कोणी तपासले असते तर त्याला सर्वांत चांगल्या गटात घातले असते. भाद्रपदात मात्र कधीकधी त्याला पडवीत खांबाला बांधून ठेवत, आणि त्या दिवसांत आजी त्याच्याजवळ बसून राही. पावसात त्याला अजूनही साचे ऐकू येत, पण नावे आता गावातल्या माणसांची असत, असे ती सांगायची. कुठल्याही दवाखान्याच्या वहीत त्याचे नाव नाही.